बोराचं पान फाडू का?

*ताई, सप्रेम नमस्कार. मी मिरजेची, वय ४३, घरीच शिवणकाम करते. दोन वर्षांपासून कोरियन मालिका बघतेय आणि दोनशे पानी वहीत प्रत्येक भागावर दीड-दोन पानं लिहितेय. भिशीतल्या आठजणींना त्या पानांचे फोटो पाठवते. त्यातल्या कुणी माझ्या पुढे असतात, कुणी मागे. सध्या 'रिप्लाय १९८८' चालू आहे, सोलमधल्या एका गल्लीतल्या शेजाऱ्यांची गोष्ट. गडबड अशी झाली की बघताना मला थांबवेना. तेरा भाग झाले आणि वही अजून पाचव्यावर. आता सहाव्या भागावर लिहायला बसले की पुढचं सगळं डोक्यात असतं आणि माहीत नसल्याचं सोंग आणावं लागतं. दुसरं म्हणजे, पहिल्या भागाच्या पानावर मी नायिकेच्या थोरल्या बहिणीला, बोराला, 'कजाग, आईबापांनी डोक्यावर बसवलेली' म्हणून बसले. पाचव्या भागात तिच्यासाठीच ओक्साबोक्शी रडले. आता ते पहिलं पान बघवत नाही. फाडून नव्यानं लिहू का? तिघींनी वाचलंय, पाचजणींनी अजून नाही. आणि तिसरं, माझं लिहिणं बरेचदा नुसती गोष्ट सांगणं होतं. आमचे हे म्हणतात, 'बघायचं तर बघ, वह्या कशाला भरतेस?'*

*– पाचव्या पानावर अडकलेली*

प्रिय मैत्रीण,

तुमच्या ह्यांच्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात सोपं, म्हणून ते आधी. ते रात्री अकरापर्यंत मॅच बघतात आणि सकाळी चहाबरोबर त्याच मॅचचं वर्णन पेपरात वाचतात की नाही? बघितलेलंच परत का वाचता, असं एकदा विचारा. जे उत्तर देतील ते तुमच्या वहीला लागू करा आणि विषय संपवा.

क्रिकेट निघालंच आहे तर तिथूनच पुढे जाते. कसोटी सामन्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बातमीदार काय लिहितो? दिवसभर झालं ते, आणि उद्या काय होईल असं त्याला वाटतं ते. पाचव्या दिवशी सामना पार उलटा फिरतो. म्हणून कुणी दुसऱ्या दिवसाचा पेपर परत छापत नाही. तो पेपर तेवढ्याचसाठी असतो. तुमची वहीही तशीच. ही मालिका एकूण कशी आहे हे सांगणारे पैशाला पासरी मिळतील. पण पहिला भाग संपलाय, दुसरा लागायचाय, आणि मधल्या रात्री मिरजेतल्या एका बाईला बोराचा संताप आलाय, ही नोंद जगात एकाच पानावर आहे. ते पान तुम्ही आज नव्यानं लिहूच शकत नाही, कारण लिहिणारी ती बाई आता राहिली नाही. तिनं तेरा भाग बघितलेत.

तेव्हा पान फाडायचं नाही. खोडायचंही नाही.

हे मी सोवळ्यात बसून सांगत नाहीये. माझ्या हातून हेच पाप झालंय, आणि तेही याच मालिकेच्या बाबतीत. २०२०च्या उन्हाळ्यात सगळे घरात कोंडलेले असताना मी 'रिप्लाय १९८८' बघत होते आणि रोज रात्री वहीत लिहीत होते. तुम्हाला माहीतच आहे, मालिकेच्या मधूनमधून मोठी झालेली नायिका दॉकसन नवऱ्याशेजारी बसून जुन्या आठवणी सांगते. नवरा दिसतो, बोलतो, चेष्टा करतो, पण गल्लीतल्या पोरांपैकी हा नेमका कोण, ते शेवटाला येईपर्यंत ताकास तूर लागू देत नाहीत. मी चुकीच्या पोराच्या बाजूनं होते. नुसती बाजूनं नाही, ठामपणे, पानंच्या पानं. शेवट कळला आणि मला माझीच लाज वाटली. मग एका दुपारी बसून मी सहाव्या भागाचं पान काढलं आणि नव्यानं लिहिलं. दुसऱ्या मुलाबद्दल चार मायेच्या ओळी घातल्या, 'याच्याकडे लक्ष ठेवायला हवं' असं एक शहाणं वाक्य टाकलं, आणि शाई जुनी वाटावी म्हणून तोच निळा पेन शोधून काढला. इतकी तयारी तर मी कधी स्वयंपाकाचीही केली नव्हती.

पुढच्या वर्षी माझी भाची ती मालिका बघायला लागली. वही तिच्याकडे होती. एक भाग बघायचा, एक पान वाचायचं, असं तिचं चाललं होतं. सहाव्या भागाच्या रात्री तिचा फोन आला. 'मावशी, नवरा अमुकच ना?' मी म्हटलं, तुला कसं कळलं? तर म्हणते, 'तू पाच पानं त्याला विचारलंही नाहीस आणि आज अचानक त्याच्या इतक्या प्रेमात? तुला शेवट माहीत होता.' वर अजून, 'मालिकेनं वीस भाग लपवलं ते तू सहाव्यात सांगून टाकलंस.'

दुरुस्तीचा तोटा हा असा. आपण बोलत काहीच नाही, पण आपला हात फितूर होतो. ज्या मुलीला पुढे महत्त्व येणार आहे तिच्यावर दोन ओळी जास्त लिहिल्या जातात. जो मरणार आहे त्याच्याबद्दल आवाज हळवा होतो. तुम्ही शिवणकाम करता, तुम्हाला सांगायला नको, उसवून परत घातलेली शिवण कितीही सफाईनं घाला, कापडावर जुनी भोकं राहतात आणि जाणकार बाई बरोबर तिथेच बोट ठेवते. तुमच्या त्या पाचजणींनी पहिलं पान अजून वाचलेलं नाही म्हणता. मग तर ते आहे तसंच त्यांना मिळायला हवं. त्याही बोराला शिव्याच देणार आहेत. द्यायलाच हव्यात. बोरा तशीच लिहिलेली आहे. धाकट्या बहिणीचे केस उपटणारी, सगळ्यांवर डाफरणारी, आणि पाचव्या भागात पोलिसांपुढे आई तिची बाजू मांडत उभी असताना आईच्या रक्ताळलेल्या पायाच्या बोटाकडे नजर जाऊन कोसळणारी. पहिल्या भागात तिचा राग आला नाही, तर पाचव्यात रडू कशाचं येणार? तुमचं ते पान चुकलेलं नाही. लेखिकेनं टाकलेल्या जाळ्यात तुम्ही वेळेवर सापडलात, याची ती पावती आहे.

ही मालिका तर उभीच आहे अंदाजावर. ती टीव्हीएन या केबल वाहिनीवर ६ नोव्हेंबर २०१५ला सुरू झाली आणि १६ जानेवारी २०१६ला संपली. दर शुक्रवारी-शनिवारी एकेक भाग, असे वीस. त्या हिवाळ्यात कोरियात 'नवरा कोण' यावरून सरळ दोन पक्ष पडले होते. एका पक्षाचं नाव 'ओनामर्यू', म्हणजे 'काही झालं तरी नवरा र्यूच'. र्यू हे एका नटाचं आडनाव. दुसरा पक्ष 'ओनामटेक', म्हणजे 'काही झालं तरी नवरा टेकच'. टेक हे मालिकेतल्या एका पोराचं नाव. दहा-अकरा आठवडे लोक हे भांडण अंगावर घेऊन जगले. मधे नववर्षाच्या आठवड्यात भागच दाखवले नाहीत. तेव्हा काय झालं असेल याची कल्पना करा. शेवटच्या भागाला १८.८ टक्के प्रेक्षक मिळाले, केबल वाहिनीच्या मालिकेसाठी तो तेव्हाचा उच्चांक होता. त्या प्रेक्षकांतले निदान निम्मे हरलेल्या पक्षाचे असणार. आपण तेच वीस भाग चार रात्रींत संपवतो आणि म्हणतो, बघितली. गोष्ट कळते हो, पण ते अकरा आठवडे मिळत नाहीत.

आता सोंगाचं. सहा ते तेरा या आठ भागांवर भाबडेपणाचा आव आणून लिहू नका. माझा सरळ सल्ला, ती आठ पानं सोडून द्या. वहीत एक ओळ टाका, 'सहा ते तेरा सलग पाहिले, राहवलं नाही', आणि तारीख घाला. त्या आठ भागांवर मिळून एकच लांब पान लिहा आणि ते ज्या तेराव्याच्या पुढे आहेत त्यांनाच पाठवा. चौदाव्यापासून परत नियमानं. वहीत खड्डा दिसेल, दिसू द्या. सलग आठ भाग बघायला लावणारी मालिका कशी आहे, हे तो खड्डाच सांगतो.

आणि समजा, सहावा भाग तुम्हाला फारच खुणावत असेल, तर तो परत बघा आणि दुसऱ्यांदा बघणारीच्या डोळ्यांनी लिहा. वर ठळक लिहून टाका की हे तेराव्या भागापर्यंत बघितल्यानंतरचं आहे. ते वेगळंच लिखाण आहे, आणि त्याची मजाही वेगळी. तिथे तुम्हाला कळेल, की कुठली वस्तू कुठे आधीच ठेवली होती, कुणी कुणाकडे क्षणभर बघितलं होतं आणि आपलं लक्ष तेव्हा भलतीकडे होतं. फक्त दोन्हींची सरमिसळ करायची नाही. आमटीला एकदा फोडणी दिलीत की मग ती वरण म्हणून वाढता येत नाही.

पुढच्या मालिकेसाठी एक नियम घालून घ्या: एका बैठकीला दोन भाग, आणि लिहिल्याशिवाय झोपायचं नाही. दोन का, तर त्या लोकांनी ते तसंच रचलेलं असतं. कोरियात बहुतेक मालिका आठवड्याला दोन भागांच्या हिशेबानं येतात. सोमवार-मंगळवार, बुधवार-गुरुवार, शुक्रवार-शनिवार, शनिवार-रविवार अशा जोड्या ठरलेल्या. त्यामुळे सम आकड्याच्या भागाचा शेवट हा आठवडाभर टांगून ठेवणारा असतो, विषम भागाचा फक्त एका रात्रीपुरता. नीट बघा, दुसरा, चौथा, सहावा, आठवा भाग जास्त दुष्टपणे थांबतो. हे एकदा लक्षात आलं की भाग कुठे तोडलाय यावरच दहा ओळी लिहिता येतात. आणि जमलं तर चालू असलेली मालिका धरा. शनिवार-रविवारची एखादी मालिका तिकडे रात्री सव्वानऊला लागली तर तेव्हा आपल्याकडे पावणेसहा वाजलेले असतात. ज्या मालिका नेटफ्लिक्स घेतं, त्या बरेचदा त्याच दिवशी इथेही येतात. मग थांबण्यासाठी मनाचा निग्रह लागत नाही, पुढचा भाग नसतोच. नेटफ्लिक्सच्या स्वतःच्या काही मालिका एका दमात सगळ्या येतात, 'स्क्विड गेम'चे नऊच्या नऊ भाग २०२१मध्ये एकाच दिवशी आले. पण त्यांनाही कधीकधी थांबवण्याची किंमत कळते. २०२५च्या मार्चमध्ये जेजू बेटावरची 'व्हेन लाइफ गिव्ह्ज यू टँजरिन्स' ही सोळा भागांची मालिका त्यांनी दर शुक्रवारी चार-चार भाग करून सोडली.

जाता जाता, कुठे 'एकूण ३२ भाग' असं दिसलं तर घाबरू नका. २०२१च्या मध्यापर्यंत तिकडच्या भूतलीय, म्हणजे केबलशिवाय अँटेनावर दिसणाऱ्या, वाहिन्यांना मालिकेच्या मधे जाहिरात घालायला परवानगी नव्हती. त्यांनी शक्कल काढली, एकाच भागाचे दोन तुकडे करून त्यांना दोन आकडे दिले आणि मधे जाहिराती घातल्या. त्यामुळे ते बत्तीस म्हणजे आपले नेहमीचे सोळाच. वहीत त्यांची पानं वेगळी करू नका.

भाग संपल्यावर 'पुढील भागात' दाखवतात ते बघू नका. बघितलंत तर निदान त्यावरून लिहू नका. ते तुकडे मुद्दाम असे जोडलेले असतात की आपण फसावं. त्यावर विसंबून वाहवत जाण्याइतका वेळ मी घालवलाय, तुम्ही घालवू नका.

एक प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण तो मनात असेल: आपण लिहून तिकडे काय फरक पडतो? काही नाही. पण पूर्वी कोरियातल्या प्रेक्षकांच्या मताचा खरंच फरक पडत असे. भाग अगदी दाखवायच्या तोंडावर चित्रित व्हायचे, कलाकारांच्या हातात संहितेचे चिटोरे यायचे. त्याला त्यांच्याकडे 'च्योकदेबोन' असा शब्दच आहे. प्रेक्षक ओरडले की गोष्ट वळायची. आपल्याकडच्या दैनंदिन मालिकांत आधी चित्रित करून ठेवलेल्या भागांची बँक संपत आली की काय होतं, ते टीव्हीवाल्या कुणालाही विचारा, तोच प्रकार. २०१६ साली 'डिसेंडंट्स ऑफ द सन' आधी पूर्ण चित्रित करून मग दाखवली आणि ती तुफान चालली. पुढे २०१८ पासून आठवड्याला ५२ तासांपेक्षा जास्त काम न घेण्याचा कायदा टप्प्याटप्प्यानं लागू झाला. आता बरंचसं काम आधीच उरकलेलं असतं. म्हणजे तुम्ही पाचवा भाग बघता तेव्हा सोळाव्याचं काय करायचं ते बहुधा ठरून गेलेलं आहे. मला विचाराल तर हे बरंच झालं. गोष्ट कुणी आपल्या ओरडण्यानं बदलणार नाही म्हटल्यावर आपण तिच्याकडे नीट बघतो.

आता तुमची खरी अडचण, नुसती गोष्ट सांगितली जाते ही. यावर मी जास्त बोलणार आहे.

पहिल्याच भागातला वाढदिवस घ्या. तुमच्या वहीत बहुधा असं असेल: 'दॉकसनचा वाढदिवस बोराबरोबर साजरा करतात. तिला वाईट वाटतं. ती रडते. मग बाबा तिची समजूत काढतात.' चूक काहीच नाही. पण हे मी मालिका न बघताही लिहू शकले असते. आता तोच प्रसंग जवळ जाऊन बघा. केक आणलाय तो बोराचा. तिनं फुंकर मारली, टाळ्या झाल्या. लगेच त्याच केकवरच्या थोड्या मेणबत्त्या काढतात, उरलेल्या परत पेटवतात, आणि आता हिचा. वापरलेल्या मेणबत्त्या! आपल्याकडे थोरलीचा आखूड झालेला फ्रॉक धाकटीला देतात ना, तसा हा वाढदिवस. मग दॉकसन फुटते, आणि तिच्या तोंडून काय निघतं ते ऐका. प्रेम, अन्याय असलं काही नाही. ती अंड्याबद्दल बोलते. ताटातलं तळलेलं अंडं नेहमी थोरलीला आणि धाकट्या भावाला, कारण दॉकसनला म्हणे आवडत नाही. कोंबडीच्या तंगड्या दोन, त्याही त्या दोघांना. आणि नाव, ते दोघे कसे छान नावांचे, मीच तेवढी दॉकसन!

तुमच्या पानावर अंडं यायला हवं. 'तिला वाईट वाटतं' या तीन शब्दांच्या वाक्यापेक्षा ते अंडं जड आहे. आणि अंडं आलं की पुढचं आपोआप येतं. तुम्ही घरात कितव्या? तुमच्या ताटात काय यायचं नाही? तुमच्याच घरी कुणाला 'तिला नाही आवडत' म्हणून परस्पर वगळलं जायचं? याच घरात एका रात्री कोळशाचा विषारी धूर कोंडतो. आईबाप थोरलीला आणि धाकट्याला ओढून बाहेर काढतात, आणि मधली आपली आपण सरपटत बाहेर येते. तो प्रसंग त्यांनी हसवायला घातलाय, आपण हसतोही. अंड्याशेजारी तो ठेवून बघितला की हसू जरा अडकतं. तुम्ही लिहायचं ते हे. गोष्ट मैत्रिणींनी बघितलेलीच आहे.

दुसरी गोष्ट कानाची. तुम्ही इंग्रजी सबटायटल वाचत असणार, त्यात सगळ्यांसाठी एकच 'यू' असतं. कोरियनमध्ये आपल्यासारखीच अहो-जाहो आणि अरे-तुरे आहे, आपल्यापेक्षा काकणभर जास्तच कडक. अहो-जाहोला ते जोन्देनमाल म्हणतात आणि अरे-तुरेला बानमाल. भाषा यायची गरज नाही. वाक्याचा शेवट ऐका. 'यो' किंवा 'निदा' असा शेवट आला तर मान दिलेला आहे. तो शेवट एके दिवशी गळला, तर एक तर दोघं जवळ आलीत, नाहीतर कुणी कुणाचा अपमान केलाय. कितीतरी मालिकांत हात धरण्याच्या आधी हा 'यो' सुटतो, आणि इंग्रजी वाचणाऱ्याला पत्ताही लागत नाही. मराठी बाईला लागतो. लग्नानंतर किती वर्षांनी आपण 'अहो' सोडून 'अरे' म्हटलं, किंवा कधीच नाही म्हटलं, हे आपल्याला तारखेसह ठाऊक असतं! सबटायटलमध्ये 'ओप्पा' म्हटल्यावर खाली त्या मुलाचं नाव लिहून मोकळे होतात. आपण 'दादा' म्हटलं आणि कुणी 'राजेश' असं लिहिलं तर कसं वाटेल? आणि त्या गल्लीत बायका एकमेकींना नावानं कुठे हाक मारतात? अमक्याची आई, तमक्याची आई. हे तर मिरजेत कुणाला समजावून सांगायला नको.

वाक्याची घडणही आपलीच. क्रियापद शेवटी. 'मी तुला उद्या सोडायला येणार…' इथपर्यंत ऐकणारा जीव मुठीत धरून असतो, 'आहे' की 'नाही' ते शेवटच्या शब्दाला कळतं. कोरियन नट त्या शेवटच्या शब्दाआधी घोट गिळतो, थांबतो, नजर खाली घालतो. इंग्रजी सबटायटलनं तोवर सगळं उत्तर देऊन टाकलेलं असतं. म्हणून एखादा प्रसंग फार आवडला तर सबटायटल झाकून परत एकदा बघा. फक्त आवाज आणि चेहरा. मी टीव्हीच्या खालच्या कडेला पोळीचा रुमाल लावते. घरातले हसतात.

थोडं मागचं-पुढचं वाचत जा, फार नको. बोरा मोर्च्याला का जाते हे कळायला एवढं पुरतं, की १९८७च्या जूनमध्ये लोक रस्त्यावर उतरले, राष्ट्राध्यक्षाची थेट निवडणूक पदरात पाडून घेतली, आणि निवडून कोण आलं, तर माजी जनरल रो ते-ऊ. विरोधकांची मतं फुटली होती. म्हणजे ऑलिंपिकची रोषणाई चालू असताना विद्यापीठातली मुलं चिडलेलीच होती. दॉकसन त्याच ऑलिंपिकमध्ये मादागास्करचा फलक धरायचा म्हणून महिनोन्‌महिने सराव करते आणि ऐन वेळी मादागास्कर येतच नाही. तेही खरंच आहे, त्या देशानं सोलच्या ऑलिंपिकवर बहिष्कार घातला होता. आपण गेलो होतो आणि एकही पदक न घेता परतलो. एकाच घरातल्या दोन बहिणी, एक सरकारच्या सोहळ्यात फलक धरायला आसुसलेली, दुसरी त्याच सरकारविरुद्ध दगड घेऊन उभी. पहिल्या भागाचं पान लिहिताना हे तुम्हाला दिसलं नाही, ठीकच आहे. चौदाव्याच्या पानावर मागे वळून लिहा, 'पहिल्या पानावर मी बोराला असं म्हटलं होतं, तेव्हा मला एवढंच दिसलं होतं.' मत बदलायची जागा ही. जुन्या पानावर नाही, नव्या पानावर, जुन्याचा उल्लेख करून.

भागाला तारे देत असाल तर बंद करा. पहिल्या भागाला साडेतीन तारे म्हणजे काय? २०२२ साली 'एक्स्ट्रॉऑर्डिनरी अ‍ॅटर्नी वू'चा पहिला भाग तिकडे ०.९ टक्के प्रेक्षकांनी बघितला आणि शेवटचा १७.५ टक्के. वाहिनी इतकी लहान होती की लोकांना ती सापडायलाच वेळ लागला. मधल्या भागांत रस्त्यासाठी तोडायला निघालेल्या एका जुन्या झाडाचा खटला आहे. ते चांगवोनजवळच्या गावातलं खरंखुरं झाड बघायला पुढे इतके लोक गेले की त्याच वर्षी सरकारनं त्याला नैसर्गिक वारसा म्हणून संरक्षण दिलं. पहिल्या भागानंतर तारे मोजणाऱ्याला यातलं काय दिसणार होतं?

तेव्हा आजचं काम एवढंच. पहिल्या पानाच्या कोपऱ्यात, तुम्ही ते लिहिलंत त्या दिवसाची तारीख घाला, आठवत नसेल तर महिना. ते जसंच्या तसं उरलेल्या पाचजणींना पाठवा. खड्ड्याची ती एक ओळ लिहा. चौदावा भाग आज रात्री नको, कुणाचा ब्लाऊज अर्धवट असेल तर तो पुरा करा.

माझी वही भाचीनं मागच्या दिवाळीत परत आणून दिली. सहाव्या भागाच्या त्या नव्या, गुळगुळीत पानाखाली तिनं लाल पेननं लिहिलंय, 'मावशी खोटारडी.' खाली तारीखही घातली आहे.